पाठीमागचं पोतं

धान आलं की माझ्या टाचा जाग्या होतात. दिवाळीनंतरची थंडी कुणाला नाकाला कळते, कुणाला कानाला. मला ती टाचेला कळते. पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर राइस मिलच्या दिशेने रांगेने निघाले, गोंदियाच्या हवेत उकड्या तांदळाचा तो आंबूस, ओला वास उतरला, की शाळेच्या मैदानावर उभ्या उभ्या मी नकळत टाच मागे सरकवते. काहीतरी लागेल या भरवशावर. लागत काहीच नाही. मागे नुसतं मैदान असतं.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि मुलींना तलवारबाजी शिकवते. "मॅडम, तलवार सिखाते हो बच्चियों को? लड़ना किससे है?" असं आमचा भाजीवाला दर हिवाळ्यात एकदा तरी विचारतो. मी हसून वेळ मारून नेते. आता आमच्याकडे नियमात बसणारी चौदा मीटरची पट्टी आहे, टोक टेकलं की दिवा लावणारं मशीन आहे, मुलींच्या मापाचे मास्क आहेत. नवी मुलगी आली की पहिले कित्येक दिवस मी तिच्या हातात तलवार देतच नाही. तिला फक्त मागे चालायला लावते. वळून न पाहता, पावलं मोजत, शेवटच्या रेघेपर्यंत. परवा एक जण वैतागलीच. "मॅडम, कितीक दिवस मागंच चालाचं? वार कवा शिकवसाल?" मी म्हटलं, "मागे किती जागा उरली ते न पाहता सांगशील, त्या दिवशी." ती तोंड वाकडं करून निघून गेली. तिला वाटलं असेल, बाई खडूस आहे. आहेच मी.

हे माझं खूळ एका हंगामातलं आहे. दोन हजार चार साल, आमगाव, माझी दहावी.

तुरकर सर आमच्या शाळेचे पी.टी.चे सर. कुठल्याशा शिबिरात दहा दिवस तलवारबाजी शिकून आले आणि येताना एका पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले. तिची पानं उलटसुलट शिवलेली होती, त्यामुळे आम्ही हल्ला आधी शिकलो आणि उभं कसं राहायचं ते नंतर. मैदानात दसऱ्यापर्यंत चिखल, शाळेचा व्हरांडा अरुंद. शेवटी स्टेशनपलीकडच्या एका राइस मिलच्या शेठने त्यांचं रिकामं गोदाम दिलं. देताना म्हणाले, "मास्टरजी, दशहरे तक गोदाम आपका. उसके बाद माल का. बच्चियाँ जितनी जगह बचे, उतने में लड़ लें." आम्हाला ते बोलणं विनोदी वाटलं होतं.

गोदामात कोंड्याची धूळ कायम तरंगत असायची. वरच्या पत्र्याला दोन भोकं होती, त्यांतून येणाऱ्या उन्हात ती धूळ दिसायची, एरवी नुसती घशात जाणवायची. उंदीर आमच्या सरावाला रुळले होते. आमच्या हाती एपी होती: ताठ, त्रिकोणी पात्याची तलवार. एपीत अंगावर कुठेही टोक टेकलं की गुण, अगदी अंगठ्यावरसुद्धा. म्हणून तिच्यात घाई करणारा हरतो आणि थांबू शकणारा जिंकतो. दिव्याचं मशीन नव्हतं. टोकाला कापूस बांधून तो कपड्यांच्या निळीत बुडवायचा आणि जॅकेटवर उठलेल्या ठिपक्यावरून भांडायचं, ही आमची पद्धत. सगळ्यांत कमी ठिपके दुर्गाच्या जॅकेटवर असायचे.

दुर्गा माझ्याच वर्गातली. आमगावजवळच्या एका खेड्यातून सायकलने यायची. पोवारांचं घर, दहा-बारा एकर धान, खाऊन-पिऊन सुखी. बोलायला तिखट, हसायला लागली की थांबायची नाही. पण गणितात तिचं डोकं चालत नसे आणि तिला ते माहीत होतं. "मले पावलं मोजता येत नाहीत, गणित का घंटा येईन?" म्हणायची. ते खरंच होतं. तिला पावलं मोजता येत नसत. माझ्या बाबांचं आमगावात किराणा दुकान. मोजणं माझ्या अंगातच होतं. गोदामात आम्ही दोघी रोज समोरासमोर उभ्या राहायचो आणि रोज मीच हरायचे. पूर्ण हंगामात मी तिला एकदाही हरवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं.

सर वार कमी शिकवायचे आणि डोकं जास्त. सराव सुरू होण्याआधी मास्क घालून भिंतीला टेकून बसायचं. जाळीतून समोरचं बारीक बारीक चौकटींत दिसतं, स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर परत येतो. पहिल्या दिवशी मला गुदमरायला झालं. सर म्हणाले, "आत जे चालू हाय ते आतच ठेवाची सवय करा. समोरच्याले फक्त जाळी दिसली पायजे." मग दोघींनी आमनेसामने उभं राहायचं. एकीने दहा श्वासांच्या आत कधीतरी हल्ला करायचा मनाशी ठरवायचं, आणि दुसरीने तो ठरवल्याचा क्षण ओळखून "आता" म्हणायचं. तलवार हलायच्या आधी. हे जमायला महिना गेला. "पात्याकडे पाहू नका व पोरी हो. पातं खोटं बोलते. खांद्याकडे पाहा. मानूस ठरवते तवा आंधी त्याचा खांदा हालते, मंग हात," असं सर रोज सांगायचे. दुर्गाला माझा खांदा कधीच दिसला नाही, कारण तो हलतच नव्हता. तिचा मात्र खांदा, मान, भुवया, सगळं एकदम हलायचं. पण तिचा पाय इतका वेगवान होता की कळूनही उपयोग नसायचा.

एकदा सरांनी सगळ्यांसमोर माझा मास्क काढायला लावला आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा. काहीच दिसत नाही. ही पोरगी का विचार करून राहिली, हे तिच्या मायलेही नाही समजनार. एपीत काही न करनं हाही वारच असते. समोरचा आपल्या चुप राहन्याचा अर्थ काढते, आन त्या अर्थावर पाय ठेवते. तिथंच त्याले पकडाचं." मी त्या दिवशी फुगून घरी गेले. दुर्गा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होती आणि चिडवत होती, "मुक्या तोंडाची मेडल मिळाली व शोभाले." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यातला गुण ओळखला होता. तो गुणच होता, असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं.

दसरा झाला आणि हलकं, लवकर पिकणारं धान आलं. हमालांनी गोदामाच्या मागच्या भिंतीला पोत्यांची पहिली थप्पी लावली. चौदा मीटरच्या जागेतले दोन मीटर गेले. आम्ही खडूची रेघ पुढे सरकवली. आठ दिवसांनी दुसरी थप्पी लागली, मग तिसरी. दिवाळीपर्यंत जागा आठ मीटरवर आली. भारी, उशिरा पिकणारं धान यायला लागल्यावर तर पोती रोज चालून येत असल्यासारखी वाटायची. काल जिथे उभं राहून जोडे बांधले, तिथे आज पोत्यांचा ढीग. नव्या बारदानाचा करकरीत वास, ओल्या धानाची ऊब. थंडीच्या सकाळी त्या थप्पीला पाठ लावून उभं राहिलं की बरं वाटायचं.

बाहेर सरावाला जागा नव्हती. मिलच्या अंगणात धान वाळायला पसरलेलं, त्यावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. मग सरांनी आहे त्यालाच डावपेच बनवलं. मागे पोतं आहे ना, मग पोत्याचाच उपयोग करा. आपण एखाद्या गुणाने पुढे असलो की हळूहळू मागे सरकायचं, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, टाच पोत्याला लागली की तिथूनच उसळून त्याच्या मनगटावर वार. समोरचा पाठलागाच्या भरात हात मोकळा सोडतो, नेमका तेव्हा. दुर्गाला हे असं जमलं की जणू ती पोत्यातच वाढली होती. ती कायम पोत्याकडची बाजू मागून घ्यायची. पावलं मोजायची गरजच उरली नाही, टाच सांगायची. टाच लागायची, आणि पुढच्या क्षणी माझ्या मनगटावर निळा ठिपका.

एकदा मात्र एका मुलीचा पाय पोत्यात अडकून राहिलेल्या, हमालाने विसरलेल्या लोखंडी आकड्यावर पडला आणि टाच फाटली. तेव्हापासून सरांनी नियम घातला. लढत चालू असताना तिसऱ्या मुलीने थप्पीजवळ उभं राहायचं आणि मागे येणारीची टाच वीतभर अंतरावर आली की ओरडायचं, "पोतं!" ओरड आली तर थांबायचं किंवा उसळायचं. ओरड आली नाही तर मागे जागा आहे, बिनधास्त सरकायचं. एवढाच करार. दुर्गाच्या मागे बहुतेक वेळा मीच उभी असायची, आणि माझ्या मागे ती. काही दिवसांतच आम्ही मागे पाहणं सोडून दिलं. दोन कान होते, टाच होती, मग डोळे पुढे लावायला मोकळे. आम्हाला वाटलं आपली तयारी झाली. सरांनाही तसंच वाटलं. आठवडाभर आधी ते एकदा हसत हसत म्हणाले होते, "नागपुरात मागं पोतं नाही राहनार, ध्यानात ठेवा बरं का." आम्हीही हसलो होतो.

याच दिवसांत दुर्गाच्या गावची मंडई भरली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, रात्रभर नाच-सोंगांची दंडार, पाहुण्यांची रीघ, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने सोयरिकीची बोलणी. मीही गेले होते. दुर्गाच्या अंगणात खाटेवर अर्जुनी मोरगावकडचे पाहुणे बसले होते. दुर्गा साडी नेसून चहा घेऊन गेली आणि परत येऊन माझ्याजवळ चुलीपाशी बसली. पाहुणे गेल्यावर तिचे बाबा आत आले. भला माणूस. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. ते म्हणाले, "पोरी, मी त्याइले होकार देल्ला नाही आजून. तुहे सर म्हनत होते का राज्यावर गेली त दहावीले वाढीव गुन भेटतात, अन् पुढं होस्टेलात नंबर लागते. गेली त शिक. मी कोनाचं ऐकनार नाही. पन नाही गेली, अन् गनितात अडकली, त मंग मले काही बोलजो नको." दुर्गा "हो बाबा" म्हणाली. बाहेर दंडारीचा ढोल सुरू झाला होता. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "जातोच मी राज्यावर. पायजो तू."

मला वाढीव गुणांची गरज नव्हती. मी वर्गात पहिल्या पाचांत होते, बाबा मला हवं तितकं शिकवणार होते. हे मी आता स्वतःला मुद्दाम सांगते, कारण एरवी मन कुठलीतरी मजबुरी शोधत बसतं. मला मजबुरी नव्हती. मला फक्त एकदा दुर्गाशी न हरता पुढे जायचं होतं.

विभागाची स्पर्धा नागपूरला. आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो, डब्यात चुरमुऱ्याचे लाडू आणि दुर्गाचं हसणं. हॉलमध्ये शिरलो आणि पहिल्यांदा लाकडी जमीन पाहिली. तिच्यावर पांढऱ्या पट्टीने आखलेली पूर्ण चौदा मीटर जागा. आम्हाला ती आगगाडीच्या फलाटाएवढी लांब वाटली. मागे भिंत नव्हती, थप्पी नव्हती. रेघेपलीकडे नुसती माणसं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. दुर्गा म्हणाली, "का व, इथं त पळाले लय जागा हाय." आणि आम्ही दोघी हसलो.

सकाळच्या गटात मी एका उंच नागपूरच्या मुलीला पाच-तीनने हरवलं. तिचा खांदा बोलका होता. पुढे बाद फेरीत मी माझी लढत जिंकून उपांत्य फेरीत पोचले. माझ्यासमोर कोण येणार ते दुर्गाच्या लढतीवर होतं: एक तर दुर्गा, नाही तर तीच उंच मुलगी. उपांत्य फेरी जिंकणाऱ्या दोघी राज्यावर जाणार होत्या. आमच्या शाळेतल्या एका मुलाची लढत हॉलच्या दुसऱ्या टोकाला लागली होती, सरांना तिकडे जावं लागलं. जाता जाता ते मला म्हणाले, "दुर्गाच्या मागं तू उभी राय. डोरा ठेव."

मी तिच्या मागच्या रेघेजवळ उभी राहिले. लढत पंधरा गुणांची. दुर्गा चौदा, उंच मुलगी तेरा. घड्याळात अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ. एक गुण मिळवायचा, किंवा वेळ संपेपर्यंत नुसतं टिकायचं. दुर्गाने तेच केलं जे गोदामात शंभरदा केलं होतं. ती मागे सरकू लागली.

तिच्या टाचा माझ्याकडे येत होत्या. कॅनव्हासचे पांढरे जोडे, डावी टाच झिजून तिरपी झालेली, लेसमध्ये अजून धानाचं एक फोलपट अडकलेलं. तीन हात. दोन हात. ती शांत होती, तिचा खांदासुद्धा त्या दिवशी शांत होता. तिला तिच्या टाचेवर भरवसा होता आणि माझ्यावर. वीतभर राहिलं. माझं तोंड उघडं होतं, हे मला पक्कं आठवतं. शब्द जिभेवर आलेला होता.

मी तो उच्चारला नाही. अर्धा श्वास. तेवढाच वेळ. पण अर्ध्या श्वासात काय काय मावतं ते मला दोन महिने रोज शिकवलं गेलं होतं. त्या वेळी मी हिशेब मांडला, असं म्हणणं खोटं होईल. आणि मला काहीच सुचलं नव्हतं, असं म्हणणं त्याहून खोटं. दुर्गा जिंकली तर समोर दुर्गा. उंच मुलगी जिंकली तर समोर बोलका खांदा. हे माहीत असायला विचार करावा लागत नाही.

मागचा पाय रेघेबाहेर गेला म्हणून गुण जात नाही; पुढचाही गेला की जातो. म्हणजे तिचा मागचा पाय पलीकडे पडल्यावरही मला वेळ होता. मला दोन संधी होत्या, आणि मी दोन्ही वेळा गप्प होते.

पंचांनी हात वर केला. तलवार न लागता समोरच्या मुलीला गुण. चौदा-चौदा. दुर्गाने आधी मोकळा हात मागे नेला आणि चाचपला. तिथे हवा होती. मग तिने खाली रेघेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मास्क असल्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. माझा तिला दिसत होता. त्यावर नेहमीप्रमाणे काहीच नव्हतं.

पुढचा गुण लवकर संपला. आता तिला मागे पाऊल टाकायची भीती बसली होती. ती मधेच पाय रोवून उभी राहिली आणि उंच मुलीने तिच्या मनगटावर टोक टेकवलं.

त्यानंतरची माझी लढत मी पंधरा-अकराने जिंकले. दुर्गा माझ्या मागे उभी होती. मी मागे सरकले की तिची ओरड यायची, "शोभे, पोतं! पोतं!" स्वच्छ, वेळेवर, वीतभर अंतर राखून. हॉलमधली शहरातली पोरं त्या शब्दावर हसत होती. रडून तिचा आवाज बसला होता, तरी संपूर्ण लढतीत ती एकदाही चुकली नाही.

परतीच्या गाडीत सर माझं कौतुक करत होते आणि अधूनमधून दुर्गाला म्हणत होते, "असं होते. आपल्याले पोत्याची सवय लागली. चुकी माही हाय." आमगावला उतरताना तिने माझी बॅग उचलली. मी नको म्हटलं. "तुले राज्यावर जाचं हाय. हात सांभाळ," ती म्हणाली आणि दोन्ही बॅगा घेऊन पुढे चालू लागली. स्टेशनबाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे होते.

राज्यावर मी गटातल्या सगळ्या लढती हरले आणि पहिल्याच फेरीत घरी आले. तिथल्या मुलींना माझ्या गप्प तोंडाचं काहीच वाटलं नाही. त्या माझ्या पायाकडे पाहत होत्या. पण प्रमाणपत्र मिळालं, आणि पुढे नोकरीच्या वेळी ते उपयोगी पडलं. ही शाळा, हे मैदान, ही शिट्टी त्या कागदावर मला मिळाली आहे. दुर्गा दहावीला गणितात नापास झाली. पुढच्या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावकडे तिचं लग्न झालं. वयाचा दाखला कुणी पाहिला नाही. तिच्या बाबांनी शब्द पाळला होता, त्यांना काय बोलणार. मी लग्नाला गेले, पंगतीत वाढलं, आणि ती मांडवात बसलेली असताना तिच्याकडे पाहायचं टाळलं.

मी हे सरांना सांगितलं नाही. घरी सांगितलं नाही. आता मुलींना शिकवताना मी त्यांना खांदा वाचायला शिकवते, अंतर शिकवते, समोरचीची वेळ चुकवायला शिकवते. मात्र चेहरा कोरा ठेवायला शिकवत नाही. पालक म्हणतात, मॅडम, या फार आरडाओरडा करतात. करू देत.

दहाएक वर्षांनी, असाच कापणीचा हंगाम होता, तालुक्याच्या शालेय स्पर्धांसाठी पंच म्हणून मी अर्जुनी मोरगावच्या बाजूला गेले होते. आमच्याकडच्या प्रतापगडाच्या रस्त्यावरची शाळा. मैदानाला लागूनच बांध्या, धानाची बांध घातलेली शेतं होती आणि तिथे बाया धान कापत होत्या. दुपारच्या सुट्टीत मी कुंपणाशी उभी होते. एक बाई कंबर सरळ करायला उभी राहिली आणि मला आधी तिचे पाय दिसले: एक पुढे, एक आडवा, गुडघे किंचित वाकलेले. चिखलात, विळा हातात घेऊन कुणी असं उभं राहत नाही.

"शोभा नाही का व तू?" ती तिथूनच ओरडली.

आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. तिने ओंजळीने हात धुतले, पदराने तोंड पुसलं. वाळली होती. उजव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती, तिथे केस उगवत नव्हते. मुलगी दुसरीत आहे म्हणाली, त्यानंतरचं एक लेकरू गेलं म्हणाली. मी भुवईकडे पाहते आहे हे तिला कळलं.

"घरच्याचा हात चालते," ती म्हणाली. धान किती झालं ते सांगावं, तसं सांगितलं. "पन तुले सांगू? हात उठवाच्या आंधी त्याचा खांदा हालते. सर सांगत ना, तस्साच. मले बरोबर समजते आता येते म्हनून." आणि तिला हसू आलं, तेच जुनं, न थांबणारं. "समजून का करता? दोन पावलं मागं गेली का भित लागते. तिथं कोनी ओरडाले नाही रायत, टाचेलेच समजते."

"माहेरी सांगितलंस?"

"सांगतलं. दोनदा गेली बी. दोनदा आनून सोडलं."

इतकी वर्षं जो शब्द मी गिळला होता तो वर आला. मी म्हटलं, "दुर्गा, त्या दिवशी नागपुरात..."

"ते त माहीच चूक वो," तिने मला पुरं बोलूच दिलं नाही. "लय दिस विचार केला मी त्याचा. मी मागं पायलंच नाही. तू मागं उभी होती ना. तू चुप हायस म्हनजे आजून जागा हाय, इतकंच होतं माह्या डोक्यात. चुप हायस म्हनून आखीन एक पाऊल टाकलं, आखीन एक." तिने हातातल्या विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. "तुलेही नसन दिसली रेघ. गर्दी किती होती थे."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. खांद्याकडे.

एक शब्द पुरे होता. दिसली होती. एवढाच. मी गप्प बसले. माझा खांदा हलला नाही. तो हलत नाही, हे मला चांगलं शिकवलेलं आहे.

"नसनच दिसली," दुर्गा म्हणाली. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली, "येजो कवा घरी," म्हणाली, आणि हात हलवत, माझ्याकडे पाहत, उलट्या पावलांनी धुऱ्यावरून बांधीत उतरली. मागे तिने एकदाही पाहिलं नाही.